खिळेमावशी आणि साठ ग्रॅम

माझी मावशी तोंडात खिळे धरून बोलते. सोफ्याला कापड ठोकताना एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हाताने हातोडी चालवायची, मग खिळे ठेवणार कुठे? ओठांच्या कोपऱ्यात दहा-बारा खिळे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकावर घ्यायचा आणि ठोकायचा. हे चालू असताना ती गिऱ्हाइकाशी वाद घालते, फोनवर बोलते, मला झापते. अख्ख्या गल्लीत तिला खिळेमावशी म्हणतात. तीस वर्षांत मी एकही खिळा गिळला नाही आणि कुणाचं एक वाक्यही ऐकून घेतलं नाही, असं ती छाती फुगवून सांगते. पहिलं खरं आहे. दुसरं तिच्या सदतिसाव्या वर्षापासून खरं आहे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शटर, मागे एकच खिडकी, आणि मध्ये पाय वर करून पडलेल्या खुर्च्या. फोमचा चुरा केसांत बसतो तो रविवारीसुद्धा निघत नाही. मी एकोणिसाव्या वर्षी इथे आले, परीक्षेत नापास होऊन. मावशीने विचारलं, "कात्री धरता येते का?" मी म्हटलं, येते. ती म्हणाली, "मग रडायचं बंद कर आणि हा फोम काप." तेव्हापासून मी फोम कापते. तिच्याकडे काम शिकायची पद्धत अशी: डोळे मिटायचे आणि खुर्चीच्या बैठकीवरून तळहात फिरवायचा. कुठली स्प्रिंग मेली, कुठे कापूस गोळा झाला, बसणारा डावीकडे झुकून बसतो की उजवीकडे, सगळं हाताला कळलं पाहिजे. डोळ्यांना कापडाचा रंग भुलवतो, म्हणते ती, हाताला कुणी भुलवत नाही.

तर ती सदतिसाव्या वर्षाची गोष्ट.

त्याच्या सहा वर्षं आधी तिच्या पोटात दुखायचं, अंगावरून जास्त जायचं. दोन्ही मुली लहान होत्या. हॉस्पिटलात सांगितलं, गाठ आहे, काढावी लागेल. इंजेक्शन देऊन झोपवलं, उठली तेव्हा पोटावर टाके. नंतर पाळी आली नाही. विचारलं तर सासू म्हणाली, "गाठ काढली की बंद होते. सुटलीस." आपण सुटलो, असं मावशीने मानलं. तिला कामं होती, लग्नसराईचे सोफे दुकानात रांगेने उभे होते.

सहा वर्षांनी कंबर धरली म्हणून ती नव्या डॉक्टरकडे गेली. मी सोबत होते. डॉक्टरांनी जुनी फाइल चाळली आणि सहज म्हणाले, "पिशवी काढलीय ना तुमची."

"गाठ काढलीय," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. मग चष्मा काढला. "गाठ नव्हती. गर्भपिशवी काढलीय. तपासणीचा रिपोर्ट आहे बघा पाठीमागे. पिशवीत काही दोष नव्हता."

परत येताना रस्त्यात एका ठिकाणी थांबली, पोटावर हात ठेवला, आणि मला विचारलं, "एवढी मोठी वस्तू घरातून गेली आणि मला कळलं नाही?"

मावशीचे मिस्टर, म्हणजे माझे काका, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. वाईट माणूस नाही, हे मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगते, आणि मावशी त्यावर नेहमी म्हणते, "वाईट नाही, तेच तर." त्या संध्याकाळी ते पेपर वाचत बसले होते. मावशीने फाइल त्यांच्या पेपरावर ठेवली.

"सही तुम्ही केलीत?"

"डॉक्टर म्हणाले, करा. केली."

"मला का नाही विचारलंत?"

"तू आत होतीस. आणि घाबरली असतीस. म्हटलं, दोन मुली आहेतच, आता तिचा काय उपयोग."

"अहो, खुर्चीचं कापड बदलायचं असेल तर मी गिऱ्हाइकाला तीनदा विचारते. तेसुद्धा खुर्चीचं!"

मावशीने दुसरा प्रश्न विचारला, आणि त्या उत्तरावर ती खरी पेटली.

"कशी होती दिसायला?"

काकांनी सांगितलं की ऑपरेशन झाल्यावर नर्स ट्रे घेऊन बाहेर आली होती. पद्धतच असते तशी. काय काढलं ते नातेवाइकांना दाखवतात, म्हणजे नंतर तक्रार नको. "मला बोलावलं. मी तोंड फिरवलं. बघवलं नाही."

"म्हणजे माझ्या पोटातलं तुम्हाला दाखवायला आणलं," मावशी एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "आणि तुम्ही बघितलंही नाहीत!"

तिने घर सोडलं नाही. "मी का सोडू? छप्पर माझ्या हातोडीवर उभं आहे." तिने फक्त काकांचं करणं बंद केलं. त्यांचा चहा, त्यांचं ताट, त्यांचे कपडे. काका दोन महिने हॉटेलात जेवले, मग भात शिकले, मग आमटी शिकले, आणि आता बरे दिसतात. दोघं एकाच घरात राहतात, एकमेकांना वेळ विचारतात, वीज गेली की मेणबत्ती कुठे आहे ते सांगतात. माफ केलंस का, असं मी एकदा विचारलं होतं. तिने तोंडात खिळे भरले आणि हातोडी उचलली.

फाइल उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली, पण कुणाची खुर्ची हाती घेतली नाही. उरलेल्या तुकड्यांची गोणी उपसली, मरून मखमलीचा एक तुकडा काढला, कापूस घेतला, वाकडी सुई घेतली आणि शिवायला बसली. मी विचारलं नाही. तासाभराने तिने जे माझ्या मांडीवर ठेवलं ते लोडाएवढं होतं.

त्याच वेळी एक निवृत्त नर्सबाई आपली आरामखुर्ची न्यायला आल्या. आम्ही त्यांना सिस्टरच म्हणतो. "हे काय, उशी का?" त्यांनी विचारलं.

"माझी पिशवी," मावशी म्हणाली. "काढून टाकलेली."

सिस्टर हसल्या. मग मावशीचं तोंड बघून हसायच्या थांबल्या. खुर्ची राहिली बाजूला, त्या स्टुलावर बसल्या आणि मावशीची मूठ आपल्या हातात धरून मिटवली. "एवढी असते. स्वतःच्या मुठीएवढी. भिंती जाड, सगळा स्नायू. आत पोकळी म्हणाल तर चपटी, रिकाम्या पाकिटासारखी. कापूस असा भुसभुशीत नाही चालणार, ठासून भरा."

पाच वेळा उसवून सहाव्यांदा जमली. ठासून भरलेली, वरून रुंद, खाली निमुळती, आत अस्तराची चपटी फट. मावशी ती घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेली आणि तराजूत ठेवली. साठ ग्रॅम भरली. सिस्टर म्हणाल्या, खरीही जवळपास तेवढीच असते. दुकानदाराने विचारलं, काय आहे हो हे? मावशीने त्याला सांगितलं, स्पष्ट, भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. बिचाऱ्याने पुढच्या गिऱ्हाइकाला साखरेच्या जागी मीठ बांधून दिलं.

ती कापडी पिशवी तिच्या ॲप्रनच्या खिशात राहायला लागली. गिऱ्हाइकाशी बोलताना तिचा डावा हात खिशात असे. तिची कंबर दुखायची थांबली असं मी म्हणणार नाही, ती अजून दुखते. पण काम मध्येच टाकून पोटावर हात ठेवून भिंतीकडे बघत उभी राहायची, ते बंद झालं. मला तेव्हा कळलं नाही की यात काय औषध आहे. आता वाटतं, गेलेल्या वस्तूला आकार नसतो तोवर ती सगळ्या घराएवढी असते. ती साठ ग्रॅमची झाली, मग मावशीला दुःख करायला जमलं. रडलीसुद्धा, एकदा, नीट बसून, नाक शिंकरून. मग उठून कुणाच्या तरी दिवाणाच्या स्प्रिंगा बांधल्या.

गुरुवारच्या दुपारी कशा सुरू झाल्या ते विचाराल तर इस्त्रीवालीमुळे. तिची टपरी दुकानाला लागून. तिने मावशीच्या खिशातली वस्तू बघितली, ऐकलं, आणि म्हणाली, "मला पण शिवायचीय." गुरुवारी गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून गुरुवार. मग इस्त्रीवालीची नणंद आली, शाळेत स्वयंपाक करणारी एक आली, एका डॉक्टरीणबाईंच्या घरी भांडी घासणारी आली, आणि त्या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई आल्या, सत्तरीच्या, काठी टेकत. सिस्टर होत्याच.

प्रत्येकीने पहिली पिशवी उशीएवढी शिवली. एकही अपवाद नाही. पाच-पाच मुलं झालेल्यांनी, एकही न झालेल्यांनी, सगळ्यांनी. सिस्टर कपाळावर हात मारून घेत. "बायांनो, ही पोटात मावायची आहे, पलंगावर ठेवायची नाही!" पण बायका तरी काय करणार? जन्मभर त्या एका वस्तूवरून एवढं ऐकलेलं की ती लहान असेल असं कुणाच्या मनातच येत नव्हतं. इस्त्रीवालीने स्वतःची मूठ मिटून बघितली, उघडली, पुन्हा मिटली, आणि तिचा पारा चढला. "एवढीशी? ह्या एवढ्याशीसाठी मला आठ वर्षं घालूनपाडून बोलले?"

मग जे शिवलं गेलं ते बघण्यासारखं होतं. इस्त्रीवालीने तिच्या पिशवीला शर्टाचं काज आणि बटण लावलं, ते आतल्या बाजूने. "बाहेरून उघडतच नाही," ती म्हणाली. स्वयंपाकवालीने अस्तरात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दोन गाठी मारल्या. बोट घातलं की लागत. तिची दोन पोटातच गेली होती, आणि त्यांच्यासाठी घरात कुणी कधी एक शब्द काढला नव्हता. तिने प्रत्येकीचं बोट धरून त्या गाठींवर फिरवलं. सासूबाईंनी काळ्या रेक्झिनची शिवली, खुर्चीच्या हाताला लावतो तसे पितळी खिळे चारही बाजूंनी ठोकून घेतले आणि म्हणाल्या, "वयाच्या सोळाव्या वर्षी मला हे ठोकता आलं असतं तर बरं झालं असतं." आम्ही हसलो. त्या हसत नव्हत्या, हे जरा उशिरा लक्षात आलं.

दुकानावर टीकाही झाली. गल्लीतला एक बुजुर्ग येऊन म्हणाला, बायकांनी असल्या गोष्टी उघड्यावर शिवत बसणं शोभतं का? मावशी म्हणाली, "आजोबा, तुम्ही नऊ महिने अशाच एका पिशवीत राहून आलात. भाडं दिलं नाहीत, निदान नावं तरी ठेवू नका." त्यानंतर तो रस्त्याच्या पलीकडून जातो.

आणि मग मावशीचं नाव झालं. इस्त्रीवालीच्या नणंदेला, तीस वर्षांच्या पोरीला, पिशवी काढायला सांगितली होती. मावशी तिच्यासोबत गेली, कापडी पिशवी टेबलावर ठेवून डॉक्टरला म्हणाली, "कुठे काय झालंय ते हिच्यावर दाखवा." डॉक्टरला दाखवता आलं नाही. दुसरीकडे तपासलं, गोळ्यांवर भागलं. मग आणखी एकीचं तसंच. बायका म्हणू लागल्या, पिशवी वाचवायची असेल तर खिळेमावशीकडे जा. मावशीला हे ऐकायला आवडायचं. मी ते बघत होते. कौतुक कुणाला नको असतं?

अशात बसची कंडक्टर आली. छत्तिशीची, अंगात खाकी, खांद्याला तिकिटाचं मशीन, चेहरा कागदासारखा पांढरा. स्टुलावर बसण्याआधी तिने मागे वळून स्वतःच्या पँटला हात लावून बघितला. ती सवय मी ओळखली.

"मला पिशवी काढायचीय," ती म्हणाली. "महिन्यातले अठरा दिवस अंगावरून जातं माझं. तीन वर्षं गोळ्या घेतल्या, इंजेक्शनं घेतली, दोन डॉक्टर केले. आत गाठी आहेत, तीन. नुसत्या गाठी काढल्या तर पुन्हा होतील म्हणतात. रक्त सातवर आलंय. एक मुलगा आहे, मला दुसरं नकोय. डॉक्टरीण तयार आहेत, पण म्हणतात नवऱ्याची सही आणा. नवरा सही देत नाही. म्हणतो, बाईचं बाईपण जातं. तुम्ही हॉस्पिटलवाल्यांशी भांडता म्हणून ऐकलं."

मावशीने तोंडातले खिळे काढून हातावर घेतले. "इथे बायका वाचवायला येतात," ती म्हणाली. "काढायला नाही."

"पण मला काढायचीय."

"तुला वाटतंय आत्ता. गेली की कळतं. माझ्याकडे बघ."

"बघितलं," कंडक्टर म्हणाली. "तुमची न विचारता गेली म्हणून माझी मला न विचारता ठेवायची का?"

मावशीला असं तोंडावर कुणी बोलत नाही. तिने रागाने गोणीतून मखमलीचा तुकडा काढला आणि तिच्या अंगावर जवळजवळ फेकलाच. "आधी शिव. शिवून हातात धर. मग काढायची भाषा कर." कंडक्टरने तुकडा घेतला, कापूस घेतला नाही. जाताना वाकून तिने दुकानाच्या कोपऱ्यात झाडून ठेवलेल्या वाकड्या खिळ्यांच्या डब्याकडे बोट केलं. "हे टाकून देणार का?" मी म्हटलं, हो, भंगार आहे. "मग मी नेते," ती म्हणाली आणि डबाच घेऊन गेली. मला वाटलं, बाई जरा विचित्र आहे.

तीन गुरुवार ती आली नाही. मावशी म्हणाली, "बघ, शिवायला लागली असेल, मन बदललं असेल." तिच्या स्वरात खात्री होती, मला ती आवडली नाही, आणि मी बोलले नाही. माझीही चूकच.

चौथ्या गुरुवारी कंडक्टर आली. आणखी पांढरी पडली होती. सगळ्या बसल्या होत्या. ती मावशीसमोर उभी राहिली. "बसच्या शेवटच्या थांब्यावर दहा-दहा मिनिटं मिळतात, त्यात शिवली. डोळे मिटा आणि हात पुढे करा. तुमचीच पद्धत आहे ना?"

मावशीने डोळे मिटले. कंडक्टरने तिच्या हातात पिशवी ठेवली आणि मावशीचा हात खाली गेला. आकार नीट होता, शिवण बारीक होती, पण आत कापूस नव्हता. आत वाकडे खिळे होते, तो अख्खा डबा, आणि तीन मोठे नट. मखमलीतून जागोजागी टोकं बाहेर आली होती.

"मूठ मिटा," कंडक्टर म्हणाली.

मावशीने मिटली. तिच्या ओठांचा रंग गेला, पण मूठ उघडली नाही.

"आता ही घेऊन उभं राहायचं. रोज बारा फेऱ्या. ब्रेक लागला की दांडा धरायचा, गर्दीतून मागे जायचं, तिकीट फाडायचं, सुट्ट्यावरून भांडायचं, आणि मागच्या सीटवरचा कॉलेजातला पोरगा पँटकडे बघून हसला की ऐकू आलं नाही असं दाखवायचं. मला हिची माया नाही असं नाही. माझा पोरगा हिच्यातच वाढला. पण आता पुरे. आणि पुरे कधी म्हणायचं ते मी म्हणणार. नवरा नाही आणि मावशी, तुम्हीपण नाही."

मावशीने डोळे उघडले. तळहातावर तीन-चार ठिकाणी रक्ताचे ठिपके आले होते. ते तिने ॲप्रनला पुसले. आम्ही सगळ्या आपापल्या सुईकडे बघत बसलो.

"माझ्या नवऱ्याने काढायची सही केली," शेवटी ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी न काढायची सही करून मोकळी झाले होते. तो निदान डॉक्टरचं ऐकून गेला. मला तसं करायला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं." मग तिने ॲप्रन सोडला. "सिस्टर, नवऱ्याची सही लागते असा नियम आहे का हो?"

"नियम नाही," सिस्टर म्हणाल्या. "वहिवाट आहे."

"मग उद्या चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी कंडक्टरच्या डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये; सासूबाईंची सून ती वेगळी. त्या तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी मावशीला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"कोणी नाही. मी बाजूला बसणार. विचारायचं ते हिला विचारा." मावशीने खुर्ची ओढली, बसली, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "यातला फोम मेलाय." मी तिला कोपराने ढोसलं.

डॉक्टरीणबाई कंडक्टरला म्हणाल्या, "तुमचं ऑपरेशन व्हायला हवं, हे मीच सांगितलंय. पण उद्या तुमचे मिस्टर येऊन इथे गोंधळ घालतील, तेव्हा तोंड मला द्यायचंय."

"तोंड मी देईन," कंडक्टर म्हणाली. "गर्दीच्या वेळी शंभर माणसांना पुढे सरकवते मी. एकाला नाही सरकवता येणार?"

सिस्टरांनी शांतपणे आपली तीस वर्षांची नोकरी सांगितली, कुठल्या कागदावर काय लिहिलेलं असतं ते सांगितलं, आणि सज्ञान बाईच्या पोटावर तिची सही पुरते, हे डॉक्टरीणबाईंनाही माहीत आहे, हेही सांगितलं. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी फॉर्म काढून कंडक्टरपुढे सरकवला.

कंडक्टरने तो वाचला. सगळा. दोन शब्द अडले ते विचारले. मग सही करायच्या आधी खालच्या कोऱ्या जागेत तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: काढलेली पिशवी आधी मला दाखवावी.

"ती आम्ही नातेवाइकांना दाखवतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोट नातेवाइकांचं नाही."

मावशीने मान झटकन वळवून तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. ट्रे बघितला नाही म्हणून ती काकांवर चिडली होती. तो ट्रे आपल्याकडे का आला नाही, हा प्रश्न तिने कुणाला विचारलाच नव्हता.

आधी दोन बाटल्या रक्त चढवलं. मग ऑपरेशनचा दिवस आला आणि सकाळी कंडक्टरचा नवरा हजर. बस डेपोत मेकॅनिक, नखांत ग्रीस, डोळे लाल. बहुतेक रडला होता. स्ट्रेचरच्या आडवा उभा राहिला. "मी परवानगी दिलेली नाही."

"मागितलीच नाही," कंडक्टर उताणी पडल्या पडल्या म्हणाली. "बाजूला व्हा, मागे गाडी अडलीय."

खरंच मागे दुसरं स्ट्रेचर अडलं होतं. तो बाजूला झाला. गोंधळ घालायला आलेला माणूस बाकड्यावर बसला तो बसूनच राहिला. दोन तासांत मावशी आणि तो एकाच बाकड्याच्या दोन टोकांना होते आणि एकमेकांशी बोलले नाहीत. एकदाच त्याने विचारलं, "मरणार नाही ना ती?" मावशी म्हणाली, "ऑपरेशन न करता मेली असती." त्याने मान खाली घातली.

मग दार उघडलं आणि वॉर्डातली नर्स हिरव्या कापडाने झाकलेला ट्रे घेऊन बाहेर आली. सवयीने तिने हाक मारली, "नातेवाईक कोण?"

नवरा उठला. मावशीही उठली आणि तो आणि ट्रे यांच्या मध्ये उभी राहिली. "कागदावर काय लिहिलंय ते वाचून या," ती नर्सला म्हणाली. नर्स वैतागली, आत गेली, आणि परत आली ती ट्रे न घेता. "ती जागीच आहे. कमरेखालीच बधिर केलंय. खोलीत आणली की दाखवतो. एकीला आत यायला सांगितलंय तिने." तिने आमच्याकडे बघितलं. "मावशी कोण?"

मावशीसोबत मीही घुसले, मला कुणी अडवलं नाही. कंडक्टर पलंगावर पडली होती, ओठ सुकलेले, डोळे टक्क उघडे. नर्सने कापड काढलं आणि ट्रे तिच्या डोळ्यांसमोर धरला. ती मुठीएवढी नव्हती. गाठींमुळे फुगून दोन मुठींएवढी झालेली, खडबडीत, आणि रंग मखमलीसारखा मुळीच नाही, फिकट, गुलाबी-करडा. कंडक्टरने ती बघितली, घाई न करता, बस थांब्यावर उभी असल्यासारखी. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं. "जा बाई आता," ती ट्रेला म्हणाली. "खूप केलंस."

मावशी पलंगाच्या पायाशी उभी होती. तिने कापडाच्या कितीतरी शिवल्या होत्या, पण तिच्या आयुष्यात ही पहिली खरी. 

"जवळ या ना, मावशी," कंडक्टर म्हणाली.

मावशी पुढे आली. वाकून बघितलं. मग विचारलं, "हात लावू का?"

"हातमोजा घालून लावा, पण लवकर, लॅबला पाठवायचीय," नर्स म्हणाली.

"तुला नाही विचारलं," मावशी म्हणाली आणि कंडक्टरकडे बघत राहिली.

कंडक्टरला जरा वेळ लागला. असा प्रश्न तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती म्हणाली, "लावा."

मावशीने हातमोजा चढवला. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि कंडक्टरचा नवरा उंबरठ्यावर थांबला. त्याने ट्रेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. तोंड फिरवलं नाही.

"मी येऊ का आत?" त्याने विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी मावशींचं होऊ दे."